आईचा खर्च कशातून करायचा

ग्रुप: त्रिमूर्तीनगरवाले (नागपूर)

संजय: आईचा चेक परत आला. सही जुळत नाही म्हणे. हात एवढा थरथरते की 'सुमन'मधला 'म' पार रकमेच्या चौकटीत जाऊन पडला.

प्रमोद (पुणे): मी दिवाळीपासून सांगून राहिलो, तुझ्या नावानं मुखत्यारपत्र करून घे. बँक, प्लॉट, सगळं तूच पाहा. घराचं बक्षीसपत्रही उरकून टाकू. मुलांना राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपयेच आहे.

वर्षा (अमरावती): कोणाच्या नावानं दादा?

प्रमोद: तिघांच्या! काऊन, मी एकट्याच्या म्हटलं का?

वर्षा: विचारलं फक्त.

मीनल (संजयची बायको): आधी खर्चाचं बोलायचं का? या महिन्याचा टाकते. दिवसाची बाई 13,000. रात्रीची 14,000. डायपर 3,600. औषधं 4,200. फिजिओवाला 3,200. झाले 38,000. आईंची फॅमिली पेन्शन 21,400. वरचे 16,600 सहा महिन्यांपासून कोण भरून राहिलं, ते लिहीत नाही.

ओंकार: काकू, आजीचं 70 वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्ड काढलं होतं ना? 5 लाखांचं?

मीनल: ते दवाखान्यात भरती झाल्यावर, बाप्पा. घरी डायपर बदलायला त्या कार्डावर कोणी येत नाही.

प्रमोद: माझ्या हिश्शाचे 5,600 पाठवले.

संजय: मिळाले. मागच्या सहा महिन्यांचे 33 हजार होतात, पण ठीक आहे.

मोहनमामा: आत्ता वाचलं. प्रमोद, घाई नको करू. मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते कागद आपोआप संपते, करार कायद्याचं कलम 201. म्हणजे खरी गरज पडते तेव्हाच ते कामाचं राहत नाही. मग ताईसाठी कायदेशीर पालक नेमून घ्यायला सिव्हिल लाइन्सला हायकोर्टाच्या पायऱ्या चढा. मी 35 वर्षं वकिली केली, लोक त्या पायरीशी येईपर्यंत कोणालाच हे माहीत नसते. आणि चेकचं म्हणाल तर अंगठा चालते. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार पाहिजेत, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. आरबीआयचा नियम आहे, मॅनेजरला सांगा.

मोहनमामा: बक्षीसपत्राचं. आज केलं की घर आजच गेलं, ताईचं राहिलं नाही. मृत्युपत्र ती गेल्यावर लागू होते, अन् शुद्धीत आहे तोवर तिला ते शंभरदा बदलता येते. स्टॅम्प लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण आपण करू. आता ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे, मुलांनी सांभाळलं नाही तर दिलेली मालमत्ता परत मागता येते. पण सांभाळायची अट घातलेली आहे का, यावरच भांडण होते. सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये अट पाहिजेच म्हटलं, 2025 च्या जानेवारीत दुसऱ्या प्रकरणात जरा मोकळ्या हातानं अर्थ लावला. माझी बहीण या वयात एसडीओसमोर (प्रांताधिकाऱ्यासमोर) उभी राहिलेली मला पाहायची नाही.

वर्षा: मामा, त्या कायद्यात मुलांकडून महिन्याला किती मिळते?

मोहनमामा: जास्तीत जास्त 10,000.

मीनल: रात्रीची बाईसुद्धा येत नाही तेवढ्यात.

मोहनमामा: आणखी एक सांगतो, कोणी राग मानू नका. त्या कायद्यात मुलं म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून नाही. 2019 च्या विधेयकात सून-जावई टाकले होते, ते पास झालंच नाही. मृत्युपत्र नसलं तर ताईच्या वारसातही सून येत नाही, तुम्हा तिघांचे तीन सारखे भाग.

(चाळीस मिनिटं कोणीच काही टाकलं नाही. ओंकारनं मध्येच अंगठा दाखवून तो डिलीट केला.)

मीनल: काल रात्री दोनला आई उठल्या. मला 'वर्षा' म्हणून हाक मारली. मी ओ दिली.

वर्षा: मानेवाड्याचा प्लॉट विका.

प्रमोद: तो बाबांनी माझ्यासाठी घेतला होता, सगळ्यांना माहीत आहे.

वर्षा: रजिस्ट्रीला माहीत नाही दादा. रजिस्ट्रीत आईचं नाव आहे.

संजय: आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र पण आहे, बाबांच्या फाईलीत. 30 लाख तरी हातात यावे.

वर्षा: मग ते आईच्याच नावानं पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत टाकायचे. मर्यादा 30 लाखच आहे. आमच्या पोस्टात चौकशी केली तेव्हा व्याजदर 8.2 टक्के होता, म्हणजे तिमाहीला 61,500. महिन्याला 20,500 पडले. मीनलच्या यादीत 16,600 कमी आहेत. आईचा खर्च आईच्या पैशातून होऊ दे ना, आपल्याला उपकार केल्यासारखं कशाला पाहिजे.

मोहनमामा: आधी भांडवली नफ्याचा कर बाजूला काढा, मग गुंतवा. आणि विक्रीच्या कागदावर सही करतानाही ताईला समजलं पाहिजे. सध्या समजते. पुढच्या उन्हाळ्यात समजेल का, ते मला कोणी सांगू शकत नाही.

मीनल: सकाळी दहा ते साडेअकरा त्या एकदम बऱ्या असतात. चहाबिस्किट झालं की बाबांच्या शाळेच्या गोष्टी सांगतात, नावांसकट. जेवण झालं की गडबड सुरू.

मोहनमामा: मग शनिवारी दहाला मृत्युपत्र. डॉक्टरांना मी आणतो, त्याच दिवसाचं प्रमाणपत्र घेऊ. साक्षीदार डॉक्टर आणि शेजारचे काका. तुमच्यापैकी एकानंही खोलीत थांबायचं नाही. मीनलला काही द्यायचं असेल तर तेही ताईच्याच तोंडून येऊ दे, बाहेरून कोणी सुचवायचं नाही.

प्रमोद: प्लॉटचं समोरासमोर बोलू. मी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचतो.

मीनल: या भाऊजी. रात्रीची बाई शुक्रवारी सुट्टीवर आहे.