ओसू: नव्या खेळाडूने सिंगलटॅप करावं की अल्टरनेट?

लयवेडा
ओसू हा गाण्याच्या तालावर ठोके मारायचा संगणकीय खेळ नुकताच सुरू केलेल्यांना हल्ली सर्रास सांगितलं जातं की पहिल्यापासून अल्टरनेटच शिका. म्हणजे झेड आणि एक्स या कळा आलटून-पालटून दाबायच्या, एकच कळ लागोपाठ दोनदा दाबायची नाही. मला हा सल्ला पटत नाही. आधी सिंगलटॅप पक्का व्हायला हवा: सुटे ठोके एका बोटाने, दुसरं बोट फक्त ट्रिपल (झटपट येणारे तीन ठोके) आणि स्ट्रीम (अशाच ठोक्यांची लांब रांग) यांसाठी.

कारण लय. सिंगलटॅपमध्ये ठळक ठोका कायम एकाच बोटावर येतो. ट्रिपल त्याच बोटाने सुरू होतो आणि त्याच बोटावर संपतो. अल्टरनेटमध्ये तोच ट्रिपल कधी तर्जनीने सुरू होतो, कधी मधल्या बोटाने. नव्या माणसाचं एक बोट कच्चं असतंच, आणि ट्रिपल त्या बोटावर आला की घाई होते. ओडी, म्हणजे वेळेच्या अचूकतेची पातळी, ८ असताना ३०० हे ठोक्याचे सर्वाधिक गुण मिळवायचे तर ठोका साधारण ३२ मिलिसेकंद अलीकडे-पलीकडेच पडायला हवा. त्यात घाईला जागा नाही.

दोन_कळा
साफ असहमत. वेगाचा हिशोब करा. १८० बीपीएमच्या (मिनिटाला १८० मात्रांच्या) गाण्यात मात्रेला दोन ठोके असले तर सेकंदाला ६ होतात. एका बोटाला हे जमतं. त्याच मॅपला, म्हणजे गाण्यावर रचलेल्या ठोक्यांच्या मांडणीला, दीडपट वेग देणारं डबलटाइम लावलं की २७० बीपीएम, सेकंदाला ९. तिथे बहुतेकांचं बोट काही ओळींतच आखडतं. अल्टरनेट करणाऱ्याच्या प्रत्येक बोटाला मात्र सेकंदाला साडेचारच ठोके द्यायचे असतात.

आणि कच्च्या बोटाबद्दल म्हणाल, तर ते पक्कं होणार कशाने? वापरूनच ना? तुमच्या पद्धतीत ते फक्त स्ट्रीममध्ये जागं होतं. मग वर्षभराने वेगवान मॅप घ्यावेसे वाटले की सगळी सवय मोडून पुन्हा शिकायचं. सुरुवातीलाच का नको?

तिरकिट
मी तबला शिकतो, म्हणून लयवेडा यांच्या बाजूने. आमच्याकडे बोलाचा निकास ठरलेला असतो. कोणतं अक्षर कोणत्या बोटाने, हे विलंबित लयीत हातात बसवून घेतात आणि द्रुत लयीतही तेच राहतं. म्हणून हात अडखळत नाही. अल्टरनेटमध्ये मध्ये एक ठोका जास्त आला की पुढच्या सगळ्या ओळीचा निकास उलटा होतो.

दोन_कळा
तिरकिट, पण तुमचा कायदा (तबल्यातली बांधलेली रचना) वाजवण्याआधी पाठ असतो. ओसूत अनोळखी मॅप समोर येतो आणि पहिल्याच फेरीत वाचून खेळावा लागतो. म्हणून तर कोणत्याही बोटाने सुरुवात करता यायला हवी!

चौकळी
मी ४के मॅनिया, म्हणजे ओसूचाच चार कळांचा प्रकार, खेळते. आमच्याकडे डी, एफ, जे, के या चार कळांवर चार बोटं, त्यामुळे हा वादच नाही. पण जॅक, म्हणजे एकाच रांगेत लागोपाठ येणारे ठोके, एकाच बोटाने मारावे लागतात. एकच कळ सलग, समान अंतराने दाबणं हे वेगळं कौशल्य आहे आणि केवळ अल्टरनेट करून ते येत नाही, एवढं सांगते. दुसरं म्हणजे हात ताठ करून वेग काढू नका. दंड आवळून दाबलेलं बोट कळेवरून उशिरा उठतं आणि पुढचा ठोका हुकतो. मनगट दुखायला लागलं की त्या दिवशी थांबाच, पद्धत कोणतीही असो.

लयवेडा
चौकळी यांचा मुद्दा महत्त्वाचा. दोन_कळा, २७० चं गणित मला मान्यच आहे. पण नवा माणूस १२० ते १५० बीपीएमचे मॅप खेळतो. तिथे सेकंदाला ४-५ ठोके, एक बोट पुरेसं. त्याची अडचण वेगाची नाही, समान अंतराची आहे. आधी कानाला आणि बोटाला एकत्र चालू दे.

वाटल्यास तपासून बघा. लेझर या ओसूच्या नव्या आवृत्तीत ‘सिंगल टॅप’ आणि ‘अल्टरनेट’ असे दोन मॉडच (खेळाचे नियम बदलणारे पर्याय) आहेत. ओळखीचा एक सोपा मॅप एकदा एक, एकदा दुसरा मॉड लावून खेळा आणि अनस्टेबल रेट बघा. चुकांचं मिलिसेकंदांतलं प्रमाण विचलन गुणिले दहा, म्हणजे तो आकडा. १०० आला तर ठोक्यांचा विखुरलेपणा १० मिलिसेकंद. नव्या माणसाचा हा आकडा सिंगलटॅपमध्येच कमी येईल, अशी माझी खात्री आहे.

दोन_कळा
येणारच! आजच्या चाचणीत आधीपासून सरावलेलं बोटच जिंकणार. त्यावरून पुढे काय जमेल हे कळत नाही. शिवाय तो आकडा एकूण विखुरलेपणा सांगतो, तुमची तक्रार ट्रिपलच्या सुरुवातीबद्दल आहे. ती रिप्लेमध्ये शोधा, कोणती कळ कधी दाबली ते तिथे दिसतं. खरंच तुलना करायची तर दोन नवे खेळाडू घ्या, दोघांना महिनाभर एकेका पद्धतीने त्याच मॅपवर खेळू द्या आणि मग दोघांचे ट्रिपल बघा.

तिरकिट
माझ्या क्लासमधली दोन मुलं यासाठी तयार होतील, दोघांनीही ओसू कधी खेळलेलं नाही. मात्र तबला दोघांना येतो. चालेल का?

दोन_कळा
नाही चालणार. त्यांची दोन्ही बोटं आधीच तयार आहेत.