दशावतार तीन तासांत बसवायचा का?

परळचा चाकरमानी
आमचं गाव सावंतवाडी तालुक्यात. वाढलो परळला, पण कार्तिकातल्या जत्रेला आजी दरवर्षी गावी न्यायची. पालखीची प्रदक्षिणा आटपली की देवळासमोर दशावतार, म्हणजे आमचं रात्रभर चालणारं लोकनाट्य, सुरू. डोळे मिटायला लागले की ती हलवायची, ‘झोपा नको रे, संकासूर येतलो!’ मालवणी मला त्या काळ्या वेशातल्या संकासुरानं शिकवली. आधी तो भटाची फिरकी घेणार, मग विष्णूच्या हातून मरणार, आणि त्यानंतर आख्यान, म्हणजे मुख्य पुराणकथा, पहाटेपर्यंत.

परवा मुंबईत नाट्यगृहात प्रयोग पाहिला. आड दशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा संकासुराचा भाग, जवळजवळ कापलेला, संकासूर नाहीच. पुढे सगळी ट्रिकसीनं. धूर, तुटलेलं मुंडकं, फणा काढणारा नाग.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथानक आणि कोण कुठलं पात्र करणार एवढंच आधी ठरतं, भाषण रंगमंचावर सुचतं. कसलेले दोन नट समोरासमोर आले की धर्म-अधर्मावर अर्धा तास झुंजतात, पखवाजवाला त्यांच्या तोंडाकडे बघत थाप देतो. ट्रिकसीन मात्र ठरल्या वेळी व्हावंच लागतं, म्हणून नटाला बोलणं आवरतं घ्यावं लागतं. माझा राग धुरावर नाही, या आवरण्यावर आहे. असला प्रयोग करण्यापेक्षा न केलेला बरा.

दशावताऱ्याचा मुलगा
शेवटचं वाक्य लागलं, म्हणून लिहितोय. माझे वडील स्त्रीपार्ट करायचे. ‘राती राजा, सकाळी डोक्यार बोजो’ ही म्हण आमच्या घरात खरी होती. रात्रभर तारामती, पहाटे दहीकाला, तोंडावरचा रंग नीट निघालेला नाही तोवर सामान उचलून पुढच्या गावची वाट. पाऊस लागला की नाटकं बंद आणि शेतात चिखल. आजारी पडले तरी रात्र चुकवायची सोय नव्हती, कारण नाईट झाली तरच पैसे.

आज ट्रिकसीनच्या नाटकाला मैदान भरतं. मुंबईतल्या प्रयोगाला तिकीट लागतं, त्यातून नटाच्या हातात चार पैसे जास्त पडतात. तुम्ही वर्षातून एक रात्र जागता. आम्ही घरात सगळा हंगाम जागलोय.

पेडणेकर
आमच्याकडे गोव्यात याला कालो म्हणतात. दशावतार बदलला नाही कधी? पायपेटी, ही पायानं भाता चालवायची पेटी, मुळातली आहे का? ती विलायती वाद्यावरूनच आली. नाट्यपदं संगीत नाटकांकडून घेतली. पलिते गेले, पेट्रोमॅक्स आले, तेही गेले. आपण लहानपणी पाहिलं तेच अस्सल, असं प्रत्येक पिढीला वाटतं. तीन तासांत चांगला वाद रंगत नाही असंही नाही, नट तयारीचा हवा.

पखवाजवाला, कुडाळ
पेडणेकर, पेटी आली तरी ती नटाच्या मागूनच चालते. तो थांबला तर थांबते, त्यानं सूर चढवला तर चढते. ट्रिकसीनमध्ये नट त्या दिव्याच्या मागून चालतो. हा फरक मी रोज बसल्या जागेवरून बघतो. नवीन पोरं वेश छान करतात, पण समोरच्यानं आडवा प्रश्न टाकला की गडबडतात. रामायण-महाभारत वाचायला आणि मोठ्या नटांसमोर उभं राहायला वर्षं जातात, आणि उभं राहायला जागा लागते. ती जागा कापली तर पुढचा नट घडणार कुठे?

परळचा चाकरमानी
दशावताऱ्याच्या मुला, ‘न केलेला बरा’ हे मागे घेतो. ते लिहिताना तुमच्या वडिलांसारख्यांचा विचार केला नव्हता. मुंबईत तीन तासांचा प्रयोग व्हावा, तिकीट काढून येईन. पण जत्रेतल्या रात्रीला कुणी कात्री लावू नये. जास्त बिदागी द्यायची तर ती पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकाला द्यावी. आमच्या गावच्या मुंबई मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडतोय. एका नाईटला किती दिलं म्हणजे नटाला परवडेल, ते तुम्ही किंवा पखवाजवाल्यांनी सांगा.

दशावताऱ्याचा मुलगा
बाबांना विचारून सांगतो. आणि तुमच्या मंडळाला कळवा, संकासुराचा पार्ट ते अजून करतात.