'इनफ्लेमेबल' म्हणजे पेटणारं की न पेटणारं?

खानापूरहून बेळगावला येताना टँकरमागं लाल अक्षरांत 'हायली इनफ्लेमेबल' वाचलं आणि चरकलो. लेकीनं 'फ्लेमेबल'चा विरुद्धार्थी शब्द म्हणून हाच लिवला होता, बाईंनी काट मारली. 'करेक्ट'चं 'इनकरेक्ट' चालतं, मग हे का नाही ओ?

उत्तर: बाईंचं बरोबर आहे की. दोन्ही पेटणारेच. हे 'इन' नकाराचं नव्हे, लॅटिन 'इनफ्लामारे'मधलं, म्हणजे पेटवणं. उलट हवं तर 'नॉनफ्लेमेबल'. ह्याच घोळापायी अमेरिकेत १९२०च्या दशकात अग्निसुरक्षावाल्यांनी 'फ्लेमेबल'च लिहा म्हणून धोशा लावला.

दुसरं उत्तर: 'इनव्हॅल्युएबल' पण फसवतं बगा. कवडीमोलाचं नव्हे, मोल करता न येणारं. आपलं 'अमूल्य' तसंच की.

होय की ओ! लेकीला सांगितलं. म्हणाली, "मग अर्धा मार्क तरी द्यायचा!"