मदत हवी आहे : कोपा दो ब्राझीलच्या अंतिम सामन्यात परतीची लढत घरी मिळण्याचा फायदा नेमका कोणता?

नमस्कार.

कोल्हापूरच्या फुटबॉलवर वाढलेल्या माणसाला 'घरचे मैदान' ही गोष्ट ऐकूनच ठाऊक असते. आमच्याकडे सामना कोणत्याही तालमीचा असो, तो राजर्षी शाहू स्टेडियमवरच होतो आणि दोन्ही बाजूंचे समर्थक त्याच गॅलरीत घसा फोडत असतात. त्यामुळे मंडळाच्या अंकासाठी ब्राझीलच्या राष्ट्रीय चषकावर, म्हणजे कोपा दो ब्राझीलवर, लेख लिहायला घेतल्यावर मी दोन ठिकाणी अडलो आहे. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

लेखाचे निमित्त असे की, १९८९ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेचा अंतिम सामना २०२५ पर्यंत, म्हणजे सलग सदतीस वेळा, दोन लढतींत खेळला गेला. एक लढत एका संघाच्या मैदानावर, परतीची दुसऱ्याच्या, आणि दोन्हींतील गोलांची बेरीज करून विजेता ठरवायचा. २०२६ पासून अंतिम सामना एकाच लढतीचा होईल, असे तेथील फुटबॉल महासंघाने जाहीर केले आहे. जुनी पद्धत निरोप घेत असताना ती नीट समजावून सांगावी, एवढाच माझा हेतू आहे.

पहिली अडचण बरोबरी फोडण्याच्या नियमाची आहे. २००८ मध्ये कोरिंथियन्सने साओ पाउलोतील पहिली लढत स्पोर्ट रेसिफेविरुद्ध ३-१ अशी जिंकली आणि परतीच्या लढतीत रेसिफे शहरात ते ०-२ असे हरले. बेरीज ३-३ झाली, पण पहिली लढत संपत आली असताना स्पोर्टने परक्या मैदानावर केलेला तो एक गोल भारी ठरला (बेरीज सारखी झाल्यास परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ विजयी, असा तो नियम) आणि चषक त्यांना मिळाला. २०११ मध्येही बेरीज ३-३ अशीच होती. वास्को द गामाने घरी १-० असा विजय मिळवला होता, कुरितिबा शहरात कोरितिबा संघाकडून ते २-३ असे हरले, आणि परक्या मैदानावरील दोन गोलांच्या जोरावर विजेते झाले. इथवर मला हिशेब समजतो. २०१५ मध्ये मात्र सान्तोसने पालमेरासला घरी १-० असे हरवले, परतीची लढत पालमेरासने २-१ अशी जिंकली, आणि सान्तोसच्या रिकार्दो ओलिवेराने अखेरच्या काही मिनिटांत परक्या मैदानावर गोल केलेला असतानाही सामना टायब्रेकरमध्ये, म्हणजे पेनल्टी मारून निकाल लावण्यात, गेला. तेथे पालमेरासचा गोलरक्षक फर्नांदो प्रास याने स्वतः निर्णायक पेनल्टी मारून चषक जिंकून दिला. माझ्या हिशेबाने त्या रात्री सान्तोसच विजेते ठरायला हवे होते, आणि पहिल्या मसुद्यात मी तसे लिहूनही टाकले होते. अंक पाहणाऱ्या मित्राने ते खोडले. कारण मात्र त्यालाही सांगता आले नाही.

दुसरी अडचण अधिक गुंतागुंतीची आहे. परतीची लढत घरी मिळणे भाग्याचे मानले जाते, आणि म्हणूनच कोणत्या संघाने आधी घरी खेळायचे याची सोडत महासंघाच्या रिओतील कार्यालयात काढली जाते. मी वहीत नोंदी करत गेलो तेव्हा चित्र उलटेच दिसू लागले. २००९ ते २०१२ या चारही वर्षी विजेत्या संघाने (अनुक्रमे कोरिंथियन्स, सान्तोस, वास्को आणि पालमेरास) चषक प्रतिस्पर्ध्याच्या शहरात उंचावला. २०१८ ते २०२५ या आठ वर्षांतही पाच वेळा तसेच घडले. अलीकडचेच पाहायचे, तर २०२४ मध्ये फ्लामेंगोने रिओतील माराकाना स्टेडियमवर अत्लेतिको मिनेरोला ३-१ असे हरवल्यावर बेलो होरिझोन्तेला जाऊनही १-० असा विजय मिळवला. आणि २०२५ मध्ये घरी गोलशून्य बरोबरी पत्करलेल्या कोरिंथियन्सने माराकानावर वास्कोला २-१ असे नमवले. मग सोडतीत दुसरी लढत घरी मिळालेल्या संघाचे समर्थक आनंदतात ते कशासाठी? यामागे खेळातील काही कारण आहे, की मी मोजण्यातच चूक करत आहे?

जाता जाता आणखी एक शंका. ही पोर्तुगीज नावे देवनागरीत कशी लिहावीत? 'साओ पाउलो' हे मराठी वर्तमानपत्रांत रुळले आहे, पण मूळ उच्चार तसा नाही असे ऐकले.

प्रतिसाद (मडगावहून)

आपल्या मित्राने खोडले ते योग्यच केले. आपण म्हणता तो परक्या मैदानावरील गोलाचा नियम २०१५ च्या अंतिम सामन्याला लागूच नव्हता. बरोबरी झाली की थेट टायब्रेकर, असे ठरलेले होते. २०१७ मध्येही त्याचाच प्रत्यय आला. क्रुझेरोने रिओमध्ये फ्लामेंगोशी १-१ अशी बरोबरी साधली आणि बेलो होरिझोन्तेला गोलशून्य बरोबरी झाली. जुन्या नियमाने क्रुझेरो तिथेच विजेते झाले असते. त्याऐवजी त्यांना टायब्रेकर खेळावा लागला आणि तो त्यांनी ५-३ असा जिंकला. २०१८ पासून तो नियम या स्पर्धेच्या सर्वच फेऱ्यांतून काढून टाकण्यात आला. युरोपातील क्लब स्पर्धांनी तो २०२१ मध्ये काढला, म्हणजे या बाबतीत ब्राझील तीन वर्षे पुढे होता, हे आपल्या लेखात आवर्जून यावे असे मला वाटते. या स्पर्धेत जादा वेळ नसतो, हेही नमूद करावे. २०२२ मध्ये फ्लामेंगो आणि कोरिंथियन्स यांच्यात १८० मिनिटांनंतर बेरीज १-१ अशी राहिली तेव्हा संघ थेट पेनल्टींकडे वळले, आणि फ्लामेंगोने ६-५ अशी बाजी मारली.

जुन्या नियमाचे एक गमतीदार उदाहरण हवे असल्यास १९९१ चे घ्यावे. सान्ता कातारिना राज्यातील क्रिसियुमा या लहान क्लबने, पुढे ब्राझीलला विश्वचषक जिंकून देणाऱ्या लुइझ फेलिपे स्कोलारी यांच्या मार्गदर्शनाखाली, ग्रेमियोशी पोर्तो अलेग्रेमध्ये १-१ आणि घरी ०-० अशा बरोबऱ्या केल्या व अंतिम सामन्यातील एकही लढत न जिंकता चषक मिळवला.

उच्चाराबद्दल सांगायचे, तर आमच्याकडे सेंट जॉनच्या सणाला 'सांजाव' म्हणतात, तो 'साओ'चाच अवतार आहे. नाकातला अनुस्वार मूळ उच्चाराला जवळचा आहे, पण वाचकाला अडखळायला होऊ नये म्हणून रुळलेले 'साओ पाउलो'च ठेवावे.

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे वेगळे मत मांडतो. चषक कोठे उंचावला गेला यावरून घरच्या मैदानाचा फायदा मोजू नये, कारण पहिली लढत घरी खेळणाऱ्या संघालाही तो फायदा मिळालेलाच असतो. २०१० च्या सान्तोसने आणि २०११ च्या वास्कोने परतीची लढत गमावली, तरी ते विजेते झाले ते घरी मिळवलेल्या आघाडीमुळे. २०२१ मध्ये अत्लेतिको मिनेरोने अत्लेतिको परानाएन्सेला घरी ४-० असे हरवल्यावर कुरितिबातील लढतीत ठरायचे काय राहिले होते?

तरीही आपल्या नोंदींत तथ्य आहे, किंबहुना आपण सांगितले त्याहून जास्त आहे. २०१८ ते २०२५ या आठ परतीच्या लढती विजेता कोण हे बाजूला ठेवून केवळ त्या दिवसाच्या निकालावरून पाहाव्यात. यजमान संघ पाच वेळा हरला, दोनदा (२०२२ आणि २०२३) १-१ अशी बरोबरी झाली, आणि यजमानांनी लढत जिंकली ती फक्त एकदाच. तो २०२० च्या हंगामातील पालमेरासचा ग्रेमियोवरील २-० असा विजय, जो करोनामुळे मार्च २०२१ मध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. या आठ वर्षांत परतीच्या लढतीतील एकमेव यजमान विजय प्रेक्षकांविना मिळालेला आहे!

यावरून प्रेक्षकांचे दडपण संघाला जाचते असा निष्कर्ष मी काढणार नाही, आठ सामने त्यासाठी फार थोडे आहेत. मला दिसणारे कारण साधे आहे. हरलेल्या पाच यजमानांपैकी चार संघ पहिल्या लढतीतील पिछाडी घेऊनच मैदानात उतरले होते. भरलेले स्टेडियम आक्रमणाची मागणी करते, बचावफळी पुढे सरकते, आणि पाहुणा संघ मागे मोकळ्या सुटलेल्या जागेत प्रतिहल्ला करतो. २०२५ चा वास्को मात्र बरोबरीवर होता, त्यामुळे ते उदाहरण या चौकटीत बसत नाही.

लहान क्लबांनी रिओत मिळवलेले चषकही याच दृष्टीने पाहावेत. १९९९ मध्ये जुव्हेन्तुदेने माराकानावर एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर बोताफोगोला गोलशून्य रोखले. २००४ मध्ये दुसऱ्या श्रेणीतील सान्तो आंद्रेने त्याच मैदानावर फ्लामेंगोला २-० असे हरवले. आणि २००५ मध्ये दुसऱ्या श्रेणीतीलच पाउलिस्ताने फ्लुमिनेन्सेविरुद्ध २-० ही आघाडी रिओत टिकवली. मात्र २००१ ते २०१२ या काळात त्या वर्षी कोपा लिबेर्तादोरेस (दक्षिण अमेरिकेतील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) खेळणारे संघ या चषकात नसत, ही बाब त्या काळातील निकालांविषयी लिहिताना वगळू नये.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. २०१५ चा परिच्छेद दुरुस्त केला आहे आणि खोडणाऱ्या मित्राला फोन करून कारणही सांगितले. रिकाम्या स्टेडियमचा मुद्दा माझ्या वहीत समोरच होता, पण मी विजेत्यांच्या रकान्यातच अडकून पडलो होतो; आता निकालांचा वेगळा तक्ता करतो.

तो करताना २००६ चे वर्ष कोणत्या रकान्यात घालावे, हे मात्र उमगत नाही. फ्लामेंगो आणि वास्को हे दोन्ही संघ रिओचे, आणि दोन्ही लढती माराकानावरच झाल्या. फ्लामेंगोने त्या २-० आणि १-० अशा जिंकल्या. तूर्त त्या ओळीसमोर मी 'शाहू स्टेडियम' असे लिहून ठेवले आहे. आमच्या वाचकांना तेवढ्याने कळेल, पण यजमान कोण मानावा हे कोणी सांगू शकल्यास तक्ता पूर्ण होईल.