अपयश झाकू नका

दोनदा कॅट (एमबीएची प्रवेश परीक्षा) देऊनही गुण कमी पडले, हे प्रवेशाच्या मुलाखतीत सांगावं की झाकावं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते सांगावंच.

मी कोल्हापुरात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०१९ च्या पुरात आमचा ऊस कुजला, फी थकली आणि बी.कॉम.चं एक वर्ष गेलं. एमबीएच्या मुलाखतीत हे सांगताना माझा आवाज कापत होता. मग मुलाखत घेणाऱ्यांनी विचारलं, त्या वर्षात काय केलंस?

मामांच्या गुऱ्हाळावर होतो. पाकाचा थेंब पाण्यात टाकून गुळव्या, म्हणजे गूळ बनवणारा कारागीर, बोटांनी गोळी वळून बघायचा. वळली की काहील (रस उकळायची मोठी कढई) लगेच उतरवायची, जरा उशीर झाला तरी गूळ काळपट पडतो आणि सौद्यात, म्हणजे लिलावात, दर पडतो. हिशेबाची वही माझ्याकडे होती. कुठल्या आधणाला (एका वेळी उकळलेल्या रसाला) किती जळण लागलं, किती ढेपा निघाल्या, सगळं रोज लिहायचो. आकड्यांची माझी पकड तिथली आहे, वर्गातली नाही.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव फक्त त्याच भागातल्या मालाला वापरायचा हक्क, मिळालं, तरी दुसरीकडचा गूळ त्याच नावानं खपतो, याचा मला मनापासून राग येतो. आमच्या भागातल्या गुऱ्हाळांचा गूळ एक-एक किलोच्या ढेपांत थेट गिऱ्हाइकाला विकायचा, हे मी ठरवलंय.

तुम्ही दोन परीक्षांच्या मधल्या वर्षात काय केलंत, ते आधी लिहून काढा. इथं टाकलंत तर मी नक्की वाचेन.