अनुभव धागा: पातळ लॅपटॉपचे कीबोर्ड

सोलापूरकरांनो, पातळ लॅपटॉप घेतलाय का? कोणतं बटण गेलं, दुकानदार काय म्हणाला, पुढे काय केलंत, सगळं लिहा. माझा स्पेसबार एकदा दाबला की दोनदा उमटतो. वॉरंटी अर्थातच संपलीय.

टॉवेलवाला: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिस मागांना लागूनच, त्यामुळे सुताचा तंतू टेबलावर, चहात, सगळीकडे. जुन्या जाड लॅपटॉपमध्येही जायचा, पण उलटा करून झटकला की बाहेर. नव्यात बटण आणि पत्रा यांच्यामध्ये फटच नाही, आत गेलेला तंतू तिथेच मुक्कामाला. आधी शून्य गेलं, मग एंटर. शून्याशिवाय ई-वे बिल करून दाखवा!

कोर्टाबाहेरचा: मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या सरकारी कीबोर्ड-मांडणीवर टाइप करतो. त्यात पाय मोडायचा तो 'डी'वर, आणि नेमकी तीच अडली. 'न्यायालय'चं 'नयायालय', 'मालमत्ता'ची 'मालमतता'. वकीलसाहेब हसले, पक्षकार नाही हसला. आता त्या नाजूक लॅपटॉपपुढे जाडजूड यूएसबी कीबोर्ड ठेवलाय.

नवी पेठ रिपेअर: रोजचंच आहे हे. पूर्वी स्क्रू काढले की कीबोर्ड सुटा हातात यायचा. आता बऱ्याच पातळ मॉडेलांत तो वरच्या कव्हरला प्लॅस्टिकच्या रिव्हेटनी ठोकलेला असतो, काहींत बॅटरीसुद्धा त्याच कव्हरला चिकटवलेली. एका बटणापायी अख्खं कव्हर बदलायचं. रिव्हेट वितळवून नुसता कीबोर्डही बसवून देतो आम्ही, पण मधली बटणं दाबताना पत्रा थोडा दबतो, हे आधीच सांगतो. आणि नखाने बटण उचकटू नका ओ, खालची प्लॅस्टिकची कात्री, म्हणजे बटण वर-खाली करणारी कात्रीसारखी जोडणी, तुटते.

हुतात्मा_एक्सप्रेस: मोठ्या कंपन्यांनाही हे भोवलंय. ॲपलने 2015 च्या 12 इंची मॅकबुकमध्ये बटरफ्लाय कीबोर्ड आणला, म्हणजे बटणाखाली कात्रीऐवजी फुलपाखराच्या पंखांसारखी पातळ जोडणी. 2018 मध्ये मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली, आणि 2019 च्या 16 इंचीत परत कात्रीच आली. साफ करायची त्यांची पद्धत मात्र कामाची: लॅपटॉप 75 अंशांत तिरका धरायचा आणि डब्यातल्या हवेचा फवारा मारायचा. माझा दुसऱ्या कंपनीचा आहे, तरी 'टी' सुटली.

टॉवेलवाला: आमच्याकडे कॉम्प्रेसर आहे, तोच मारू का?

नवी पेठ रिपेअर: नको ओ! त्यातून पाणी येतं, वर प्रेशरने बटणं उडतील. डबा आणा.