रोजच्या 220 ला आधी ओढ द्यावी की आधी भरवसा?

फर्मागुडीकर
2017 ची पल्सर 220 आहे. कार्ब्युरेटरवाली, एबीएस नाही, 48,000 किमी झालेत. फोंडा-पणजी रोजचं येणं-जाणं, कधीतरी रविवारी अनमोड घाट. 80 च्या पुढे गाडी आळसावते. फर्मागुडीच्या चढणीवर मागे कुणी बसलं असलं की चौथ्यावरून तिसऱ्यावर यावंच लागतं. गॅरेजवाल्याने चार गोष्टी सुचवल्यात: फ्री-फ्लो सायलेन्सर, एअरबॉक्स (फिल्टरची बंद पेटी) काढून उघडा फिल्टर, मोठा मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक), इरिडियम प्लग. खर्चाची मर्यादा 25,000. ओढ हवी आहे, पण जुलैत बाणस्तारीच्या पुलावर गाडी ढकलायची वेळ येता कामा नये. जाणकारांनी सांगावं.

घाटमाथा
यादी अर्धी बरोबर आहे. उघडा फिल्टर सोडा. एअरबॉक्स ठेवून त्याच्या आत बसणारा, धुता येणारा फिल्टर घ्या, त्याला जुळेल असा जेट बसवा आणि मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) दोन दातांनी मोठं करा.

220 ची कागदावरची ताकद सुमारे 21 पीएस, पण ती 8,500 आरपीएमला. रोजच्या वाटेवर इंजिन फिरतं चार ते सहा हजारांत. तिथली ओढ वाढवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे गिअरिंग. आणि ही चैन आहे असं कुणी समजू नये. कुंडईच्या चढणीवर लादलेला ट्रक ओलांडताना समोरच्या लेनमध्ये दोन सेकंद कमी राहणं ही सुरक्षितताच आहे.

पाना_बारा_तेरा
घाटमाथा, ओलांडण्याचा मुद्दा मान्य. पण प्रश्न नीट वाचा. चांगल्या स्थितीतली 220 शंभरच्या पुढे सहज जाते. ही 80 लाच थकते. म्हणजे तिला काही नवीन नको आहे, तिचं असलेलंच कुठेतरी गळतंय. आजारी इंजिनावर जेट बदलला तर आजार झाकला जातो आणि पुढे दुप्पट खर्च होतो.

फर्मागुडीकर, एक रुपयाचा अपग्रेड करण्याआधी हे तपासून घ्या, याच क्रमाने.

कार्ब्युरेटरचं वरचं झाकण काढून डायफ्रॅम (हवेची वाट उघडणारी स्लाइड उचलणारा रबरी पडदा) बाहेर काढा आणि उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी स्लाइड पूर्ण वर चढत नाही, आणि तुम्ही सांगताय तसंच होतं: खाली ठीक, वर गाडी दमते. रबर ताणून बघू नका, जुनं असेल तर हातातच फाटेल.

मग कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधला रबरी जोड. गाडी आयडलवर ठेवून त्याच्याभोवती कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा, इंजिन थंड असतानाच आणि गरम सायलेन्सरपासून लांब. आरपीएम बदलले तर तिथून हवा आत शिरतेय.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट), इंजिन थंड असताना, फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने), मॅन्युअलमधल्या मापाला. कानाने लावलेले टॅपेट नकोत. व्हॉल्व्ह घट्ट बसला असेल तर टॅपेट वाजत नाहीत, म्हणून आवाज नाही याचा अर्थ सगळं ठीक असा होत नाही.

क्लच: चौथ्या गिअरमध्ये 50 ला असताना थ्रॉटल एकदम उघडा. आरपीएम उडी मारतात पण वेग मागे राहतो, तर प्लेटा घसरताहेत. तेल बदलताना डब्यावर जासो एमए2 (तेलात भिजणाऱ्या क्लचच्या बाइकसाठीचा दर्जा) लिहिलेलं बघा. 220 चा क्लच इंजिन ऑइलमध्येच भिजतो. कारच्या तेलातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी चांगल्या प्लेटाही घसरतात.

शेवटी गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवा. ब्रेक धरून राहिला असेल तर चाक एका फेरीतच थांबतं. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने कॅलिपरच्या पिना गंजतात आणि पॅड मागे सरकत नाही. मग ओढ कमी झाली म्हणून लोक इंजिन उघडतात.

घाटमाथा
ही सर्व्हिसिंग झाली, आणि ती व्हायलाच हवी. पण सगळं ठीक निघालं तरी मागे माणूस बसवून चढणीवर तिसरा टाकावा लागतोच. त्याचं उत्तर तुमच्या यादीत नाही. स्प्रॉकेट सेट तसाही बदलायला आला असेल. तो बदलताना मागचं 36 चं असेल तर 38 चं बसवा. फरक साडेपाच टक्क्यांचा. 60 ला इंजिन 5,000 फिरत असेल तर 5,280 फिरेल. यात इंजिनाचं काय बिघडणार? नाही आवडलं तर एका तासात परत जुनं.

पुढचं एक दात कमी करू नका, स्वस्त पडतं म्हणून बरेच जण तेच करतात. 14 चं 13 केलं की बदल जवळपास पावणेआठ टक्क्यांचा होतो, चेन लहान गोलाईवर वळते आणि लवकर झिजते, स्विंगआर्मवरचं (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरचं) रबरही घासतं. आधी स्वतःच्या गाडीचे दात मोजा, मग हिशेब करा. आणि नवं स्प्रॉकेट जुन्या चेनवर कधीच नको.

पाना_बारा_तेरा
स्प्रॉकेटला माझा विरोध नाही. रोज जुने गोवेच्या बायपासवर 80 ने जाणाऱ्याला आवाज, कंप आणि पेट्रोल तिन्ही थोडे वाढतील, एवढं माहीत असू द्या. विरोध आहे तो फिल्टर-सायलेन्सर-जेट या त्रिकुटाला.

लाल_माती
फिल्टरबद्दल एक, जे गोव्यात राहणाऱ्याने विसरू नये. उसगाव-तिस्कच्या बाजूची खनिजाची धूळ आणि चिऱ्याची माती पिठासारखी बारीक असते. कंपनीचा कागदी फिल्टर ती अडवतो, फक्त लवकर भरतो. कापडी फिल्टर तेलाच्या थरावर चालतो. तेल कमी पडलं तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा घासते. जास्त पडलं तर ते कार्ब्युरेटरमध्ये उतरतं. दर धुण्यानंतर दोन्हींच्या मधलं माप साधणारे गॅरेजवाले कमी. पावसात उघडा फिल्टर तर पाणीच ओढतो. शिवाय 220 चा कार्ब्युरेटर सीव्ही आहे, त्याची स्लाइड हवेच्या दाबातल्या फरकाने उचलली जाते. एअरबॉक्स काढला की तो दाब अस्थिर होतो आणि गाडी मधल्या आरपीएमला अडखळते. मग जेटमागून जेट बदलत बसावं लागतं.

आणखी एक, पुढचा छोटा ऑइल कूलर बघा. त्याच्या पात्यांत लाल चिखल वाळून घट्ट बसतो आणि अनमोड चढताना तेल तापतं. साध्या पाइपने, मागच्या बाजूने पुढे पाणी सोडा. वॉशिंगचा जोराचा फवारा मारला तर पाती वाकतात.

घाटमाथा
म्हणूनच एअरबॉक्स ठेवा म्हटलं. पण जेटच्या बाबतीत मी मागे हटणार नाही. 2017 ची गाडी 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी सेट केलेली नाही. शुद्ध पेट्रोलला वजनाने एका भागामागे 14.7 भाग हवा लागते, 20 टक्के इथेनॉल असेल तर साधारण 13.5. इंजेक्शनवाली गाडी सेन्सरवरून हे बऱ्याच अंशी सांभाळून घेते, कार्ब्युरेटरला ते कळत नाही. म्हणजे काहीही न बदलता ही गाडी आज लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालते आहे. लीन म्हणजे गरम, आणि थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट. इथे एक पायरी मोठा जेट हा भरवशाचाच उपाय आहे. 110 असेल तर 112.5, फार तर 115. त्यापुढे नाही.

पाना_बारा_तेरा
इथेनॉलचा मुद्दा बिनतोड आहे, आणि तो मी धरायला हवा होता. पण डोळे झाकून जेट नको. आधी प्लग वाचा: गाडी पूर्ण गरम करा, रिकाम्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पंधरा सेकंद पूर्ण थ्रॉटल, मग क्लच दाबून किल स्विच बंद. बाजूला थांबून प्लग काढा, हातमोजा घालूनच. पांढरा असेल तर लीन, फिकट तपकिरी असेल तर हात लावू नका, काळा काजळलेला तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. 220 ला दोन प्लग आहेत, दोन्ही बघा.

इरिडियमने ताकद वाढत नाही. जास्त टिकतो, एवढंच. दोन घ्यावे लागतील, हीट रेंज (प्लग किती गरम राहतो ते) कंपनीचीच.

त्याच पेट्रोलचा दुसरा त्रास पावसाळ्यातला. टाकीच्या झाकणाभोवती निचऱ्याचं एक बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं की पाणी तिथेच साचतं आणि झाकणाच्या रबरातून टाकीत झिरपतं. इथेनॉल ते पाणी धरतो, प्रमाण वाढलं की दोघं मिळून तळाशी बसतात, आणि सकाळी गाडी सुरू होऊन दोन मिनिटांत बंद. जूनच्या आधी त्या भोकात बारीक तार घालून मोकळं करा आणि कार्ब्युरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून बाटलीत थोडं पेट्रोल काढून बघा. खाली वेगळा थर दिसला तर पाणी आहे. बाणस्तारीला गाडी ढकलणाऱ्यांत बरेच जण याच कारणाने ढकलत असतात.

आगशीचा_वारा
सायलेन्सरवर कुणीच बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायद्यात मालकाने गाडीत बेकायदा बदल केला तर दर बदलामागे 5,000 दंड, आवाज-प्रदूषणाच्या कलमाखाली 10,000 पर्यंत आणि तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. विमा कंपनीला क्लेम नाकारायला कारण मिळतं ते वेगळंच. फायदा काय, तर वरच्या आरपीएमला थोडा, आणि खालची ओढ उलट कमी. चढणीसाठी ओढ हवी असलेल्याने ती कमी करणारा भाग कशाला घ्यायचा?

घाटमाथा
मान्य. सायलेन्सर माझ्याही यादीत नव्हता.

फर्मागुडीकर
डायफ्रॅम उघडून बघितला. कडेला बारीक चीर आहे. नवा मागवला. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकलेत. आता उरलेले पैसे कुठे घालू?

पाना_बारा_तेरा
चेन-स्प्रॉकेट सेट, मागचं दोन दात मोठं, घाटमाथा म्हणतात तसं. उरलेले सगळे टायर आणि ब्रेकमध्ये. एबीएस नाही, मग ओल्या रस्त्यावर तुमचा भरवसा फक्त रबरावर. पुढे 90/90-17, मागे 120/80-17, याच मापात मऊ कंपाउंड. 140 चा मागचा टायर कुणी सुचवला तर नको म्हणा. त्याच रिमवर तो चिमटला जातो, मधोमध फुगतो, वळणावर जड होतो. पुढच्या ब्रेकला नवे पॅड, पिनांना सिलिकॉन ग्रीस, आणि मास्टर सिलिंडरच्या झाकणावर लिहिलंय तेच फ्लुइड, दर वर्षी पावसाळा संपल्यावर. ते हवेतलं पाणी पितं.

घाटमाथा
टायरच्या आधी कोनसेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) बघा. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवताना मधोमध खटका लागला तर बेअरिंग गेलं. त्यावर नवा टायर घातला तरी वळणावर गाडी तरंगल्यासारखी वाटेल. फोर्क ऑइलही त्याच वेळी. आणि नवा डायफ्रॅम बसल्यावर चार दिवस चालवून मगच प्लग काढा. पांढरा दिसला तर मी सांगितलेला जेट.

पाना_बारा_तेरा
तपकिरी दिसला तर नाही.